हाताला कळणारा संगणक

प्रश्न : माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी) लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूच्या साच्यात ठसा उमटवणारे नमुने, तयार करतात. संगणकावरची त्रिमिती आकृती मी कितीही फिरवून दाखवली, तरी “हातात दे, मग सांगतो,” असेच ते म्हणतात. आकृती थेट हाताखाली उठून येईल असे काही संशोधन चालू आहे का? आमच्या कामात त्याचा उपयोग होईल का?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : आपल्या वडिलांचा आग्रह मला अगदी रास्त वाटतो. माहिती काचेआड न राहता हाताने धरता यावी, हलवता यावी, हाच विचार अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी १९९७ च्या शोधनिबंधात मांडला होता. त्यानंतर इशी यांच्या गटाने १९९९ मध्ये असे टेबल दाखवले, ज्यावर इमारतीची छोटी प्रतिकृती सरकवली की तिची सावलीही त्या-त्या वेळच्या सूर्याप्रमाणे टेबलावर सरकत असे.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे यंत्र म्हणजे याच गटाचे २०१३ मधील ‘इनफॉर्म’. त्याच्या पृष्ठभागावर ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौकोनी दांड्या असून प्रत्येक दांडी स्वतंत्र मोटरने सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत वर येते, त्यामुळे पडद्यावरचा उंचवटा खरोखर हाताला लागतो. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी बाजू : दांडी बोटाने दाबली की तो बदल संगणकाला कळतो, म्हणजे ज्या आकाराला आपण हात लावतो तोच आकार आपले म्हणणे परत पोहोचवतो.

त्याची मर्यादा मात्र वडिलांना आपल्यापेक्षा लवकर उमजेल. वाळूतून पॅटर्न सरळ वर उचलायचा असल्याने त्याला अंडरकट, म्हणजे बाजूने आत वळलेली खाच, चालत नाही आणि पोकळीसाठी साच्यात वेगळा कोअर (गाभा) बसवावा लागतो. इथे दांड्याही फक्त उभ्याच सरकतात, त्यामुळे पोटात गेलेला भाग त्यांना दाखवता येत नाही, आणि कोअरसारखी सोयही नाही. शिवाय दोन दांड्यांच्या मध्यांतील अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आहे. बिडाच्या कास्टिंगसाठी (ओतकामासाठी) धातू थंड होताना मीटरमागे होणारे सुमारे १० मिलिमीटर आकुंचन धरून पॅटर्न मोठा ठेवणाऱ्या कारागिराला अशा पृष्ठभागावर माप घेता येणार नाही.

म्हणून पॅटर्नच्या जागी हे यंत्र येईल अशी आशा आज धरू नये. ग्राहकाशी आकाराची पहिली चर्चा करताना मात्र असा पृष्ठभाग नक्कीच कामाचा ठरेल. तोवर आकृतीची लहान प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर काढून वडिलांच्या हातात द्यावी. ते पेन्सिलीने जिथे खूण करतील, तो बदल पुन्हा आकृतीत उतरवण्याचे काम तूर्त आपल्यालाच करावे लागेल. इशी यांच्या गटाची धडपड नेमकी हा परतीचा टप्पा यंत्राकडे देण्याची आहे.