बारा मजली इमारतीत पाइप किती इंची हवेत?

प्रश्न : पुण्यातील आमच्या सोसायटीत बारा मजले आणि 48 सदनिका आहेत. गंजलेले जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप बदलून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप टाकायचे ठरले आहे. वरच्या दोन मजल्यांवर शॉवरला दाब मिळत नाही, म्हणून कंत्राटदार सगळीकडे एक साइझ मोठा पाइप सुचवत आहेत. खर्च मात्र बराच वाढतो. हा सल्ला योग्य आहे का? (एक सचिव, पुणे)

उत्तर : तक्रार वरच्या दोन मजल्यांची आहे, मग खालच्या दहा मजल्यांवर खर्च कशासाठी? गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला बाराव्या मजल्यावरील शॉवरपाशी जेमतेम तीन-चार मीटर उंचीचा दाब मिळतो, तर तळमजल्यावर तो पस्तीस मीटरच्या आसपास, म्हणजे प्लंबरच्या भाषेत साडेतीन किलो असतो. घर्षणात एक मीटर खर्ची पडला, तर वर पाव ते एक तृतीयांश दाब जातो आणि खाली कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून टाकीपासूनची गच्चीवरील आडवी वाहिनी आणि वरच्या दोन-तीन मजल्यांपर्यंतचा उभा पाइप ऐसपैस ठेवावा, आणि पुढे दर तीन-चार मजल्यांनी व्यास उतरवत न्यावा. व्यास दुप्पट केला की तेवढ्याच घर्षणात सहापट पाणी जाते. त्यामुळे वरच्या थोड्या लांबीत एक साइझ वाढवल्यानेही मोठा फरक पडतो. जुने पाइप गंजाने आतून आवळले गेले असतील, तर मूळ व्यासही पुरेसा ठरू शकेल. सीपीव्हीसी घेताना मात्र नाममात्र साइझ न पाहता आतला व्यास पाहावा.

सर्व नळांचे पाणी बेरजेने मोजू नये. सारे नळ एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता फार थोडी असते, या आधारावर अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील रॉय हंटर यांनी 1940 मध्ये नळ, फ्लश अशा उपकरणांना पाण्याच्या मागणीनुसार एकके (गुण) देण्याची पद्धत मांडली, आणि आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही एककांचीच पद्धत आहे. हंटर यांच्या आलेखानुसार फ्लश टाक्या असलेल्या इमारतीत 100 एककांना मिनिटाला सुमारे 165 लिटर प्रवाह धरतात, पण 1000 एककांना दहापट नव्हे, तर सुमारे 790 लिटरच. कमी पाण्याचे नळ आणि फ्लश आल्यापासून हे आकडेही घरांसाठी सढळच ठरतात.

हे गणित एका ठिकाणी कोसळते, आणि ते ठिकाण आपल्याकडे सर्रास आढळते. सकाळी सहा ते सात एवढाच वेळ वॉल्व्ह उघडत असाल, तर प्रत्येक घर त्याच तासात बादल्या आणि पिंप भरते. मग शक्यतेचा आधार उरत नाही आणि पाइप मोठेच लागतात. तेव्हा व्यास ठरवण्यापूर्वी पाणी दिवसभर चालू ठेवता येईल का, हे सभेत ठरवावे. त्यातील बचत पाइपांच्या कोणत्याही घासाघिशीपेक्षा मोठी असू शकते.

भूमिगत टाकीतून गच्चीवर जाणाऱ्या पाइपाचा हिशेब वेगळा, कारण तिथे विजेचे बिलही मोजावे लागते. माणशी 135 लिटर आणि घरटी पाच माणसे धरली, तर तुम्हाला रोज 32,400 लिटर पाणी लागेल. पंप तीन तास चालवला तर सेकंदाला तीन लिटर. साठ मीटर लांबीत आतला व्यास 40 मिमी असेल तर घर्षणात सुमारे 9 मीटर उंची वाया जाते, 50 मिमीला 3 मीटर आणि 65 मिमीला एका मीटरहून कमी. पंपाची एकूण कार्यक्षमता 50 टक्के धरल्यास 40 ऐवजी 50 मिमी घेण्याने वर्षाला सुमारे 400 युनिट वाचतात, तर 50 वरून 65 वर जाण्याने जेमतेम 140. इथे मी 50 मिमीवर थांबेन आणि उरलेला पैसा गच्चीवरच्या वाहिनीला देईन.