मुलांनी केलेली लगद्याची शिल्पं तडकतात आणि आतून कुजतात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सहावीच्या मुलांनी रद्दीच्या लगद्याची डोकी केली, दोन दिवसांत ती तडकली आणि आठवड्याभराने त्यांना वास यायला लागला. माझ्या मते लगद्यापेक्षा जाडीचा घोळ आहे. अख्खं डोकं लगद्याचंच केलं असणार.

माझ्या पहिल्या वर्गातही असंच झालं होतं. एका मुलीचं घुबड वरून खडखडीत वाळलेलं दिसत होतं. तिने ते उचललं, बुडाला जरा दाबलं आणि तिचा अंगठा आत गेला. आतला लगदा काळपट, आंबलेला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मी भरीव शिल्प कुणालाच करू दिलेलं नाही.

लगदा म्हणजे पाण्यात सुटे झालेले कागदाचे तंतू. पाणी उडून जातं तसे ते जवळ येऊन एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून वाळलेला लगदा टणक होतो. पण तेव्हाच तो आक्रसतोही. वरचा थर आक्रसला आणि आतलं अजून ओलंच राहिलं, तर वरचा फाटणारच. हे मुलांना आधी सांगा. कारण कळलं की ती थांबायला तयार होतात.

तेव्हा आकार सांगाड्याने धरायचा आणि लगदा फक्त कातडीसारखा चढवायचा. कोरड्या रद्दीचे बोळे करून मास्किंग टेपने घट्ट आवळा. मान किंवा पाय बारीक असतील तर आत तार घाला, पण तिलाही टेप गुंडाळा, नाहीतर गंजाचे डाग वर येतात. त्यावर साधारण अर्धा सेंटीमीटर लगदा, बस्स. नाक, भुवया, चोच पहिला थर पूर्ण वाळल्यावर, तिथे खळ चोपडून मग लावायची.

कागद वर्तमानपत्राचा किंवा अंड्यांच्या ट्रेचा घ्या. चकचकीत मासिकांच्या कागदावर बहुतेकदा खनिजाचा लेप असतो, तो नीट भिजत नाही. पिना काढून, हाताने बारीक फाडून गरम पाण्यात रात्रभर ठेवा. मिक्सर मोठ्यांनीच चालवावा, भरपूर पाणी घालून, थोडं थोडं.

पिळणं मात्र मुलांनाच करू द्या, खरा धडा तिथे आहे. लगदा सुती फडक्यात घेऊन पिळायचा, मग एक मूठ दाबून बघायची. पाण्याची धार लागली तर अजून ओला आहे. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर जास्त पिळला गेला. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आणि बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला की जमला. दोन-तीन वेळा केलं की मुलं मला न विचारता सांगतात, 'अजून पिळायला हवा.' मला वर्गातला हा क्षण सगळ्यात आवडतो.

मग चार वाट्या लगद्याला साधारण एक वाटी घट्ट, गार खळ घालून कणकेसारखं मळा. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. मोरचूद घालायचा सल्ला कुणी दिला तरी घालू नका, ते विषारी आहे आणि मुलांचे हात त्यात असतात.

वाळवताना शिल्प जाळीवर ठेवा, रोज कूस बदला, पंखा लावा. कडक ऊन किंवा हेअर ड्रायर नको, त्याने वरचाच थर आधी वाळतो. आणि लगद्याचं पाणी गाळल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

तुमच्याकडच्या डोक्यांपैकी जी नुसती तडकली आहेत ती पूर्ण वाळू द्या. भेगेत ब्रशने खळ सोडून वर बारीक वाटलेला लगदा दाबून बसवा. वास येतोय ती मात्र तुम्हीच पिशवीत बांधून टाका, मुलांच्या हातात परत देऊ नका.