‘भंडाऱ्याची’, ‘वऱ्हाडी’ की ‘वैदर्भीय’?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात वाढल्या. आईवडील भंडारा जिल्ह्यातले, पण घरात मुलांशी ठरवून ‘शुद्ध’ बोलणारे. ऑफिसात त्यांना ‘आमची वऱ्हाडी’ म्हणतात. भंडाऱ्याबद्दल त्यांना ओढ आहे, तशी अढीही आहे. त्यांनी विचारलंय की ‘वऱ्हाडी’ हे बरोबर आहे का, आणि जिथं कधी राहिलेच नाही तिथली मी कशी?

आधी ‘वऱ्हाडी’. इंग्रजी अमदानीतलं वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. हा मुलूख निजामाचा. 1853 च्या तहाने त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. भंडारा मात्र नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. पुण्या-मुंबईत नागपूरच्या पलीकडचं सगळंच ‘वऱ्हाडी’ ठरतं, ते चूक आहे.

बोलीही वेगळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग ही झाडीपट्टी, आणि तिथली बोली झाडी. प्रमाण मराठीतला ‘डोळा’ वऱ्हाडीत ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’. झाडीत ‘ण’ही नाही, तिथं ‘पानी’च. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचलं. दंडार या लोकनाट्याची परंपरा आणि हिवाळ्यात रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं याच बोलीच्या मुलखातली. ताई, तुमच्या घरी जे दडवलं गेलं ते अशुद्ध मराठी नव्हतं, नियम असलेली स्वतंत्र बोली होती. आईवडिलांना दोष देऊ नका. ज्या शहरात ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की वर्ग हसतो, तिथं पोराला वाचवायला माणूस हेच करतो. दोष हसणाऱ्यांचा.

‘वैदर्भीय’ वर्तमानपत्रांनी रुळवला आहे. ‘भारतीय’सारखा ‘विदर्भीय’ अधिक सरळ, पण दोन्ही चालतात. मला मात्र जुना ‘वैदर्भी’ प्रिय. रुक्मिणी वैदर्भी, दमयंतीही वैदर्भी. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने काव्याच्या रीती, म्हणजे शैली, सांगताना सगळ्या गुणांनी युक्त म्हणून जी पहिली ठेवली, तीही वैदर्भी. ज्या प्रदेशाच्या नावाने उत्तम शैली ओळखली गेली, तिथल्या माणसाला आज बोलण्यावरून हिणवलं जातं, याचा मला फार राग येतो.

आता हक्काचं. ‘भंडाऱ्यातली’ आणि ‘भंडाऱ्याची’ यांत फरक आहे. ‘-तली’ ठिकाण दाखवते: पुण्यातली नोकरी, भंडाऱ्यातलं तळं. ‘-ची’ नातं सांगते, आणि नात्याला वास्तव्याची अट नाही. सासरी पन्नास वर्षं काढलेली बाईही अमक्या गावची लेकच राहते. ‘तुम्ही कुठले?’ आणि ‘कुठं राहता?’ हे आपल्याकडे दोन प्रश्न आहेत, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. ते गाव आवडतं का, हे तर कोणीच विचारत नाही. तेव्हा अढी असली तरी ‘भंडाऱ्याची’ म्हणताना व्याकरण आड येत नाही.

‘मूळची भंडाऱ्याची’ असंही म्हणता येईल. ‘मूळची’ने थोडं अंतर राहतं, आणि काही दिवस तुम्हाला ते हवंसंही वाटेल. ऑफिसात मात्र ‘वऱ्हाडी नाही, झाडीपट्टीची’ एवढी दुरुस्ती जरूर करा. कोणी ‘म्हणजे कुठं?’ विचारलं, तर वैनगंगेचं खोरं म्हणून सांगा.