रविवारी शिवणकाम करावे का?

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे, बरीच वर्षे वडोदऱ्यात फतेगंजला राहतो. माझे पती मकरपुऱ्यातील कारखान्यात पाळीने कामाला जातात, त्यामुळे काही रविवारी त्यांची मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चुकते. मी घरी शिवणकाम करते. नवरात्रीच्या तोंडावर चणिया-चोळीचे काम इतके येते की रविवारीही मशीन थांबत नाही. रविवारी सुईला हात लावणेदेखील पाप आहे, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का?
– एक भगिनी, वडोदरा

उत्तर : आपल्या पतींविषयी मनात किंतु नसावा. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, आणि पाळीमुळे तेही अशक्य असेल, तर पोटापाण्याच्या अशा गंभीर कारणासाठी ख्रिस्तसभा कोणालाही दोषी धरत नाही. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, फादरांशी एकदा बोलून घ्यावे. योग्य कारण असल्यास सूट देण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र त्या दिवशी घरी एकत्र बसून शुभवर्तमानाचे वाचन आणि प्रार्थना अवश्य व्हावी.

शिवणाचे तसे नाही. सासूबाईंचे म्हणणे मनचे नाही, हे आधी सांगितले पाहिजे, कारण १९१७ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेत, रविवारी अंगमेहनतीच्या कामांना मनाई होती आणि शिवणकामाची गणना सामान्यतः त्यांतच होत असे. १९८३ च्या कायद्याने कामांची ती वर्गवारी सोडून दिली. देवाची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि शरीर-मनाची आवश्यक विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळावीत, असे १२४७ वे कलम सांगते. म्हणून मुलीच्या झग्याचा उसवलेला काठ रविवारी दुपारी टाचला, तर त्यात काही वावगे नाही; पण मापाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कापडांचा ढीग उपसण्यासाठी मिस्सेहून आल्या आल्या मशीनवर बसावे लागत असेल आणि घरच्यांनी शिळ्यापाक्यावर भागवावे लागत असेल, तर तो रविवार हातचा गेला, असेच आम्ही म्हणू.

नवरात्र हा आमचा सुगीचा काळ आहे, असे आपण म्हणाल. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हा शहरातील न्यायाधीश व कारागिरांना काम बंद ठेवण्यास सांगून शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली होती, कारण पेरणीची वेळ एकदा टळली की ती परत येत नाही. पण चोळी कोणत्या तारखेला द्यायची, हे बिलबुकावर आपणच लिहिता. ते लिहिताना रविवार हिशेबात धरू नये आणि जेवढे काम शनिवारपर्यंत उरकेल, तेवढेच घ्यावे. याने मिळकत थोडी घटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या पैशांवर घरभाडे किंवा औषधपाणी अवलंबून असेल, तर कुटुंबाची गरज हे धर्मशिक्षणानुसार ग्राह्य कारण आहे आणि आपण निःशंकपणे काम करावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही. अशा हंगामात तुरपाईला आणि हूक लावायला एखादी मुलगी हाताशी घेतली जाते. आपल्याकडेही तशी कोणी येत असेल, तर ती ख्रिस्ती असो वा नसो, तिलाही आठवड्याची सुटी द्यावी. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याची विश्रांती विनाकारण हिरावू नये, असेही ख्रिस्तसभेचे सांगणे आहे.