पत्त्याच्या रकान्यात खांबाचा नंबर लिही

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांची मतदार नोंदणी करायची म्हणतेस आणि पहिलाच प्रश्न, पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा? आणायचाच नाही. निवडणूक आयोगाच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. बेघर माणसाने नमुना 6 या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आपण झोपतो ती जागा लिहायची. बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री तिथे जाऊन, तेही एकाहून जास्त रात्री, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. खात्री पटली की राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. या सूचनेची छापील प्रत पिशवीत ठेव. काउंटरवर लाइटबिल मागितलं की वाद घालत बसू नकोस, प्रत पुढे सरकव.

कायद्यातली एक गंमतही सांगून ठेवते. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 म्हणतं की एखाद्या ठिकाणी नुसतं मालकीचं घर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे फ्लॅटला कुलूप घालून कायमचा दुसऱ्या शहरात राहणारा तिथला मतदार नाही, आणि त्याच इमारतीच्या कंपाउंडला टेकून वर्षानुवर्षं झोपणारी बाई आहे. हे एकदा एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून बघ. चेहरा बघण्यासारखा होतो.

तेव्हा सगळा जोर पत्ता लिहिण्यावर दे. ‘पुलाखाली’ असं लिहिलेला फॉर्म बाद झालाच म्हणून समज. पूल किलोमीटरभर लांब असतो. पुलाचं नाव, खांबावर रंगवलेला नंबर, रस्त्याची कुठली बाजू, समोर कोणतं दुकान किंवा कोणती शाळा, हे सगळं त्या रकान्यात आलं पाहिजे. अनोळखी माणूस रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन आला तरी त्याला दोन मिनिटांत अंथरूण सापडावं, इतकं नेमकं. सोयीचं पडतं म्हणून संस्थेच्या ऑफिसचा पत्ता टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. खोटं निवेदन केलं तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ती सही तुझी नसते, त्या माणसाची असते. निवाऱ्यात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते तिथेच झोपतात, त्यांनी निवाऱ्याचा पत्ता बिनधास्त द्यावा. पण मुंबईच्या मानाने निवारे किती? दर लाख लोकवस्तीमागे एक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलेलं. 2011 च्या जनगणनेत, 28 फेब्रुवारीच्या रात्री मोजले तेव्हा, या शहरात बेघर भरले 57 हजारांच्या वर.

आता बीएलओ. त्यांच्यावर चिडू नकोस. बहुतेक वेळा ती शाळेतली शिक्षिका असते, अंगणवाडीताई असते, नाहीतर पालिकेतला कारकून. दिवसभराचं मूळ काम उरकून वर हे. अशा बाईला रात्री एकटीने पुलाखाली जा म्हणणं सोपं नाही. तू सोबत जा. आधी फोन करून रात्र ठरव आणि ती तारीख वस्तीत सांगून ठेव. न सांगता गेलीस तर अर्धी अंथरुणं रिकामी दिसतील. कोणी लग्नाच्या केटरिंगला गेलेलं असतं, कोणी मार्केटात गाड्या उतरवायला. शिवाय रात्री कागद घेऊन नावं विचारत फिरणारं माणूस म्हणजे काहीतरी वाईट, असा त्यांचा अनुभव. भिक्षा प्रतिबंधाचा 1959 चा कायदा त्यांनी वाचलेला नसतो, पण त्या कायद्याखाली उचलून नेलेली माणसं त्यांच्या ओळखीची असतात. म्हणून पहिले काही दिवस फॉर्म काढूच नकोस. चहा पी, गप्पा मार.

त्या गप्पांतच विचारून घे, “गावाकडे यादीत नाव आहे का?” हा प्रश्न चुकवू नकोस. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी चालत नाही. गावचं नाव असेल तर नवीन नोंदणीचा नमुना 6 नाही, स्थलांतराचा नमुना 8 भरायचा. आणि भरायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. दिवाळीनंतर नाक्यावर कामाला येऊन पावसाला शेतावर परतणाऱ्या मराठवाड्यातल्या कुटुंबाला गावचं मत सोडायला लावू नकोस. त्यांचं रेशन तिथे, ग्रामपंचायतीचं राजकारण तिथे. तुझा आकडा वाढावा म्हणून त्यांची मुळं उपटू नयेत. इथेच जन्मलेल्या, इथेच लग्न होऊन पोरंबाळं झालेल्या पारधी कुटुंबांचं मात्र कुठेच नाव नसतं. तुझा वेळ त्यांना दे.

वयाचा पुरावा हा दुसरा खडक. आधार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर फॉर्मवरच ‘आधार नाही’ असं सांगायची सोय आहे आणि तेवढ्या कारणाने अर्ज नाकारता येत नाही. जन्मदाखला, पॅन, दहावीची मार्कलिस्ट, जे निघेल ते चालतं. कागद विचारशील तेव्हा बायका कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडून दाखवतील. तीन घड्या घातलेलं, शाई पुसत आलेलं बाळंतपणाचं कार्ड, बंद पडलेल्या खात्याचं पासबुक. घाई करू नकोस, फोटो काढून ठेव आणि मूळ कागद लगेच हातात परत दे. पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली की अंथरुणाबरोबर असली पिशवीही जाते, मग तुझ्याकडचा फोटोच उरतो.

मोबाइल नंबरबद्दल एक. तुझा नंबर सगळ्यांच्या फॉर्मवर टाकू नकोस. ई-एपिक, म्हणजे मोबाइलवरचं मतदार ओळखपत्र, डाउनलोड करायला प्रत्येक मतदाराचा नंबर वेगळा लागतो. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा रकाना सोडून दे. कार्ड पोस्टाने येतं, आणि पोस्टमन खांबाशी थांबेलच असं नाही. जवळच्या चहावाल्याला आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेव.

नोंदणी झाली की बहुतेक कार्यकर्ते फोटो काढून मोकळे होतात. माझ्या मते खरं काम तिथून पुढे असतं. नाव चढतं आणि गुपचूप उतरतं. कोणीतरी दिवसा येतं, अंथरूण गुंडाळून ठेवलेलं दिसतं, ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. कायदा सांगतो की नोटीस दिल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय यादीतलं नाव काढता येत नाही. लालबाबू हुसेन खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं, आणि त्यात मुंबईतली नावंही होती. पण नोटीस कुठे चिकटवणार, खांबाला? म्हणून प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागली की प्रत्येकाचं नाव तू स्वतः शोध. आयोगाच्या पोर्टलवर कार्डावरचा एपिक नंबर टाकून दिसतं, 1950 या हेल्पलाइनवर फोन करूनही कळतं. नाव गेलेलं असेल तर हरकतींच्या मुदतीतच अर्ज टाक.

“मत देऊन मिळणार काय?” हे विचारतीलच. घर मिळेल असं चुकूनही म्हणू नकोस. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रतेला जुन्या मतदार याद्यांतली नावं पाहतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे आशा लगेच पालवते. पण ती फुकट घरासाठी 1 जानेवारी 2000 आणि पैसे भरून मिळणाऱ्या घरासाठी 1 जानेवारी 2011 पर्यंतची गोष्ट, आज चढवलेल्या नावाने ती पात्रता येत नाही. खरं तेवढंच सांग. पालिकेच्या निवडणुकीतही हीच यादी प्रभागवार फोडून वापरतात, आणि पाण्याचा नळ, सुलभ शौचालयाचा दर, गाडी कधी येणार, हे सगळं नगरसेवकाच्या दारात ठरतं. यादीत नाव नसलेल्याला तो ओळखत नाही. काहींना मत नको असतं, फोटोचं कार्ड हवं असतं, पोलिसाला दाखवायला. हवं असू दे. त्यात कमीपणा काय?

मतदानाच्या दिवशी सगळ्यात मोठी अडचण रांगेची नसते, सामानाची असते. सगळे एकदम गेले तर भांडी, गोधड्या, पोरं कोण बघणार? दोन तुकड्या कर. पहिली सकाळी सातला केंद्रावर, ती परतली की दुसरी. 20 मे 2024 ला लोकसभेच्या वेळी मुंबईत उन्हाने आणि रांगांनी लोक हैराण झाले होते, तेव्हा पाण्याच्या बाटल्या विसरू नकोस. केंद्र लांब असलं तरी उमेदवाराच्या रिक्षात बसवू नकोस, तो गैरप्रकार ठरतो. कोणाला मत द्यायचं यावर अवाक्षर काढू नकोस, विचारलं तरी. कार्ड हरवलं असेल तर आधार, फोटोचं पासबुक, जॉबकार्ड चालतं, फक्त यादीत नाव हवं. आणि कुष्ठरोगाने डाव्या हाताची तर्जनी गेलेले कोणी असतील तर केंद्राध्यक्षांना आधीच सांग. शाई दुसऱ्या बोटाला लावता येते, पण नवख्या कर्मचाऱ्याला ते सुचत नाही आणि मग माणूस सगळ्यांसमोर ओशाळतो.

पुढची अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात ती, बघून घे. आता वर्षात चार असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. त्या हिशेबाने अठरा पूर्ण होणाऱ्या पोरापोरींची वेगळी वही कर. प्रारूप यादी लागली की कळव, नावं तपासायला मीही येते. चष्मा बदललाय, बारीक अक्षर वाचता येतं अजून.

तुझी,
ताई