कागदी लिंबाच्या पानांच्या शिरा फिकट पडल्यात, झाड खंगत चाललंय. ट्रिस्टेझा (लिंबूवर्गीय झाडांचा विषाणूजन्य रोग) आहे का आणि फवारायचं काय?

कोवळं पान उन्हाकडे धरून बघा. शिरांचे तुकडे तेलकट, आरपार दिसत असतील तर संशय रास्त आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मात्र बहुतेक जस्ताची कमतरता असते. निम्मे लोक इथेच घाबरतात. मग पेन्सिलएवढ्या फांदीची साल सोला. लाकडावर लांबट खाचा दिसल्या तर संशय पक्का समजा. खात्री मात्र प्रयोगशाळेच्या एलायझा किंवा पीसीआर चाचणीनेच होते.

औषध नाही. हा विषाणू आहे, त्यामुळे बुरशीनाशक आणि प्रतिजैविक दोन्ही वाया. (टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचण्याचा सल्ला पूर्वी ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगासाठी दिला जायचा. तो जिवाणूजन्य रोग, हा वेगळा.)

रोग पसरतो रोगट डोळकाडीतून (कलमासाठी घेतलेल्या फांदीतून) आणि माव्यातून, त्यातही तपकिरी माव्यातून सर्वाधिक. बियांतून पसरत नाही. फवारणीने मावा कमी होतो, पण काही मिनिटं रस शोषला तरी तो विषाणू उचलतो, म्हणून एकट्या फवारणीवर विसंबू नका. खंगलेलं झाड मुळासकट काढा.

नवी कलमं घेताना मातृवृक्षाची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. संत्रा-मोसंबीला आंबट नारिंगाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) टाळा. त्याच खुंटामुळे 1930 नंतर ब्राझील-अर्जेंटिनात लाखो झाडं गेली. रंगपूर लिंबू, जंभेरी हे खुंट बऱ्यापैकी तग धरतात. कागदी लिंबू मात्र स्वतःच नाजूक, त्याला खुंट बदलूनही फारसा फरक पडत नाही.