पॅरामेशियमला अन्न कळतं कसं?

प्रश्न : पॅरामेशियम म्हणजे पाण्यातला एकपेशीय सूक्ष्मजीव. त्याला ना डोळे, ना नाक. मग अन्न कुठे आहे ते त्याला कसं कळतं? काँगो रेडने (आम्लात निळा होणाऱ्या लाल रंगाने) रंगवलेलं यीस्ट देऊन पाहिलं, पण सगळं लालच राहिलं, निळं काही दिसेना. चुकलं कुठे?

उत्तर : पॅरामेशियम नेम धरून अन्नाकडे जात नाही. पोहताना आजूबाजूचं पाणी मानवेनासं झालं की त्याच्या पक्ष्माभिका (अंगावरचे केसांसारखे बारीक धागे) उलट्या हलतात. ते मागे सरतं, जरा वळतं, पुन्हा पुढे निघतं. जीवाणूंच्या घोळक्याजवळ कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल असतं. त्यात शिरताना ते अडत नाही, बाहेर पडायच्या कडेवर मात्र माघारी फिरतं आणि आपोआप तिथेच घुटमळत राहतं. तोंडाशी आलेल्या कणांबाबत ते फारसं चोखंदळ नाही. माप जमलं तर कार्मिन या लाल रंगद्रव्याचे कणही गिळतं, म्हणून तर यीस्टची युक्ती चालते.

आता रंग. काँगो रेड साधारण पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या वर लाल आणि 3 च्या खाली निळा असतो. अन्नरिक्तिका (गिळलेलं अन्न पचवणारी पेशीतली इवलीशी पिशवी) तयार झाल्यावर काही मिनिटांत आम्ल होते, पुढे पुन्हा अल्कधर्मी होते आणि लाली परतते. त्यामुळे अर्ध्या तासाने एकदाच डोकावलात तर नुकत्याच निळ्या झालेल्या रिक्तिका हुकू शकतात. स्लाइड बनवल्यापासून दर दोन मिनिटांनी पाहा.

बहुतेक वेळा घोटाळा प्रमाणात असतो. 10 मिलि पाण्यात चिमूटभर यीस्ट आणि रंगाचे दोन-चार कणच घालून 10 मिनिटं उकळा, थंड करा. पॅरामेशियमच्या थेंबात हे मिश्रण दातकोरणीच्या टोकावर येईल तेवढंच. जास्त झालं तर मोकळ्या रंगाने पाणीच लाल होतं. कापसाचे चार तंतू टाकले की प्राणी पळत नाहीत. कव्हरस्लिपखालचं (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेखालचं) पाणी आटलं तर ते चिरडून फुटतात. कडेला थेंब सोडत राहा. काँगो रेड हाताळताना हातमोजे घाला.

प्रश्न : अमिबाही असाच सगळं गिळतो का?

उत्तर : नाही, तो सावज बघून वागतो. हलत्या सावजाभोवती छद्मपादांचा (शरीरातून तात्पुरत्या बाहेर काढलेल्या भागांचा) मोठा पेला करतो, त्याला न टेकता, थोडं पाणी आत ठेवून. निपचित कणाला मात्र अगदी चिकटून वेढतो.